आधी तासांची वही, मग व्हीएमसी

वाचकाचा प्रश्न (लांब पत्रातून थोडक्यात): सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक जुनी मिलिंग, एक ड्रिल. टॉवेलच्या कारखान्यांना रेपियर (बिनधोट्याच्या) मागाचे सुटे भाग करून देतो. मिलिंगचं नेमकं काम बाहेर व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) करून घेतो. त्यात महिन्याला २७ हजार जातात आणि पंधरा-पंधरा दिवस नंबर लागत नाही, त्यामुळे ऑर्डरी सोडाव्या लागतात. आता तीन पर्याय समोर आहेत: नवीन कॉम्पॅक्ट व्हीएमसी, २४ लाख अधिक जीएसटी, भोसरीतली ११ वर्षं जुनी, साडेनऊ लाखांना, किंवा टेबलावर बसणारं छोटं सीएनसी मिलिंग, ६ लाखांना. बँक जीएसटी सोडून किमतीच्या ७५ टक्के कर्ज देतेय, ११ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी, पण घर तारण मागते. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली ७ लाखांची एफडी मार्जिनला, म्हणजे कर्जाबाहेरच्या आपल्या वाट्याला, मोडता येईल. घरखर्च जाऊन महिन्याला २२ हजार उरतात. आयटीआय झालेला पुतण्या मशीन चालवेल. दसऱ्याला नव्या मशीनची पूजा करायची आहे. कोणतं घेऊ?

उत्तर: कोणतं घ्यायचं ते सांगतो, पण त्याआधी मला एक आकडा हवा होता आणि तो तुमच्या पत्रात आडून आलाय. बाहेरचा माणूस कटिंगच्या तासाला ४५० रुपये लावतो, असं तुम्ही सोबतच्या बिलावर लिहिलंय. म्हणजे २७ हजारांत तुम्ही महिन्याला ६० तास घेता. सोडून दिलेल्या ऑर्डरींचे अजून ४० धरू. झाले १००. हा १०० चा आकडा समोर ठेवा, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं.

२४ लाखांच्या ७५ टक्के म्हणजे १८ लाख. ११ टक्क्यांनी ५ वर्षांचा हप्ता ३९,१३६ रुपये. पुतण्याचा पगार १८ हजार धरतो. घरचा आहे म्हणून फुकट धरू नका, दोन वर्षांनी त्याचं लग्न ठरलं की तो स्वतःच विचारेल. देखभाल करार आणि विमा मिळून ५ हजार. मशीन बंद असलं तरी एवढे ६२,१३६ रुपये दर महिन्याला जाणारच. तासामागे वीज, एंडमिल-इन्सर्ट (कापणारी हत्यारं), कूलंट यांचे मी १४० रुपये काढलेत. बाहेर ४५० मोजत होता ते आता वाचले, त्यातून हे १४० वजा, तासाला हातात ३१० राहतात. ६२,१३६ भागिले ३१०. दोनशे तास.

दोनशे तास कटिंगचे. पंचवीस दिवस आठ तासांची पाळी धरली तर बरोबर दोनशे होतात खरे, पण त्यात व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) लावणं, टूल ऑफसेट घेणं (हत्याराची लांबी मशीनला सांगणं), पहिला पीस मोजणं, चहा, लोड शेडिंग काहीच धरलेलं नाही. तुमचाच ॲल्युमिनियमचा गाईड ब्रॅकेट घ्या. सेटिंगला दीड तास, एका पीसला ११ मिनिटं, काढ-घाल २ मिनिटं. चाळीस पीसची ऑर्डर असेल तर एकूण ६१० मिनिटांतली ४४० मिनिटं स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) कापत फिरतो. आठच पीस असतील तर १९४ मिनिटांतली ८८. पहिल्यात ७२ टक्के, दुसऱ्यात जेमतेम ४५. आणि सोलापुरात ऑर्डर कशी येते ते तुम्हीच जाणता: माग बंद पडला, आठ पीस द्या, परवा द्या. म्हणजे दोनशे तास कटिंग करायला तुम्हाला पावणेदोन-दोन पाळ्या लागतील, आणि काम आहे शंभर तासांचं.

शंभर तासांवर दरमहा तूट ३१ हजार. तुमची बचत २२. उरलेले नऊ हजार कुठून येणार, ते पत्रात नाही. सोडलेल्या ऑर्डरींवरचा तुमचा वरचा नफा यात मी धरलेला नाही. तो धरला तरी पाच-सहा हजारांचा फरक पडेल, भोक बुजत नाही.

बँकेकडून ७ वर्षांची मुदत मागा, हे आधी सांगतो. हप्ता ३०,८२० वर येतो आणि गरज १७४ तासांवर. व्याज साधारण ५.५ लाखांऐवजी ७.९ लाख जाईल. ते मला चालेल. वर्कशॉपवाल्याचा जीव व्याजाने जात नाही, एका वाईट तिमाहीतल्या हप्त्याने जातो. पण सात वर्षांवरही शंभर तासांत तूट २२,८०० येते, म्हणजे तुमची अख्खी बचत मशीनच्या तोंडात.

आता मार्जिनचं. ६ लाख लागतील आणि एफडी ७ ची आहे, असा हिशेब तुम्ही केलाय. पण जीएसटीचे ४.३२ लाख आधी रोख द्यावे लागतील. त्याचं क्रेडिट मिळतं हे बरोबर, पण ते खात्यात पडून राहतं आणि दर महिन्याच्या भरण्यातून हळूहळू वळतं होतं. तुम्ही निव्वळ साधारण २० हजार रोख भरता, म्हणजे पावणेदोन वर्षांहून जास्त. यंत्रसामग्रीवरच्या क्रेडिटचा रोख परतावाही मागता येत नाही. त्यावर व्हाइस, होल्डर, कोलेट, कटर, सर्व्हो स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर, फाउंडेशन, क्रेनचं भाडं, हे सगळं ३ लाखांच्या आत बसवलं तर तुम्ही जिंकलात. एकूण खिशातून १३ लाखांच्या वर. एफडी मोडूनही सहा लाख कमी पडतात, आणि ते कमी पडलेले सहा लाख मग सोन्यावर किंवा सावकाराच्या दारात मिळतात.

एफडीला हात लावू नका. यावर मी वाद घालणार नाही. मुलीची फी ठरलेल्या तारखेला भरावी लागते; टॉवेलवाल्याचं बिल कोणत्याच तारखेला येत नाही.

तेच बिल आधी बघा. पत्रात एका ओळीत आलंय की ६ लाख ४० हजार उधारी अडकलीय, नव्वद नव्वद दिवस. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, असं २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो. १ एप्रिल २०२४ पासून १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच) त्याला जोडलं गेलं: मुदतीत दिलं नाही तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. तगादा लावला की ऑर्डर तुटते, ही तुमची भीती मला कळते. म्हणून भांडू नका, फक्त बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंटंटला उधारीची यादी पाठवा. मालक ऐकत नाही, अकाउंटंट ऐकतो.

घर तारण द्यायचं नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी सीजीटीएमएसई ही हमी योजना आहे, तिची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत गेलीय. १८ लाख म्हणजे तिच्यापुढे किरकोळ. बँकेला लेखी विचारा की या हमीखाली प्रस्ताव का नाही. हमीची फी लागते आणि हमी बँकेला असते, तुम्हाला नाही, कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं. पण घराची कागदपत्रं कपाटात राहतात. मॅनेजर कुरकुरेल, कारण त्याला तारण सोपं. दुसऱ्या बँकेत जा.

पंचवीस हजार घेऊन १५ टक्के सबसिडी मिळवून देतो म्हणणारा एजंट तुमच्याकडेही आलाय, तर ऐका. ती जुनी भांडवली अनुदान योजना ३१ मार्च २०२० ला संपली. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना, मुळात नव्या उद्योगासाठी आहे; आधी त्याच किंवा मुद्रा योजनेतून कर्ज घेतलेलं नसेल तर चालू वर्कशॉपला मशीन घ्यायला नाही. एजंटला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता मशीनचं. सहा लाखांचं टेबलावरचं आधी बाद करतो. त्याचा स्पिंडल २.२ किलोवॉट, २४ हजार आरपीएम, वाचायला झकास. पण ती ताकद सगळी वरच्या वेगाला आहे. ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) मध्ये १२ मिमी कार्बाइड एंडमिल मिनिटाला १०० मीटरने चालवायची तर साधारण २,६५० आरपीएम लागतात. अशा स्पिंडलचा टॉर्क (पिळाचा जोर) खालीही तेवढाच राहतो, म्हणजे त्या वेगाला हातात उरतो पाव किलोवॉट. कटर कापणार नाही, घासणार. फक्त ॲल्युमिनियमच्या नेमप्लेट करायच्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. तुमचं निम्मं काम ईएन ८ आणि बिडाचं.

जुनीचा मोह मलाही कळतो. साडेनऊ लाख, हप्ता हलका. माझ्या एका क्लायंटने होटगी रोडला अशीच जुनी आणली होती. तिसऱ्या महिन्यात सर्व्हो ड्राइव्ह (अक्षाची मोटर चालवणारा भाग) गेला. त्या कंट्रोलरचे सुटे भाग बंद झालेले, दुरुस्तीला ड्राइव्ह बाहेरगावी पाठवला, २३ दिवस मशीनवर ताडपत्री. पिंपरी-भोसरीत असता तर शेजारच्या गाळ्यातून कोणीतरी आला असता. आपल्याकडे सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून अडीचशे किलोमीटर येतो, आणि जुन्या मशीनला तो सगळ्यात शेवटी येतो. तरीही बघायला जाणार असाल तर रंगावर जाऊ नका. स्पिंडलमध्ये टेस्ट मँड्रेल (तपासणीचा सरळ दांडा) लावून डायलने रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) बघा, तिन्ही अक्षांचा बॅकलॅश (दिशा बदलताना पडणारी ढिलाई) बघा, आणि अर्धा तास गरम झाल्यावर पुन्हा बघा. पॅरामीटरचा, म्हणजे कंट्रोलरमधल्या सेटिंगचा, बॅकअप आहे का ते विचारा. तो प्रश्न ऐकून विकणारा गोंधळला तर तिथूनच परत या.

म्हणजे घ्यायची ती नवीच, कॉम्पॅक्ट, पण आत्ता नाही. घ्याल तेव्हा बीटी ४० टेपरची (टेपर म्हणजे स्पिंडलमधली होल्डर बसायची निमुळती जागा) घ्या. बीटी ३० चपळ असते, ॲल्युमिनियमच्या लॉटला आणि ड्रिल-टॅपला छान. पण तुमच्या बिडाच्या ब्रॅकेटला बीटी ४० चा ताठपणा हवा. ८,००० आरपीएम पुरे: १२ मिमी कटरने ॲल्युमिनियम मिनिटाला ३०० मीटरने कापायलाही तेवढेच लागतात. १२ हजारांच्या स्पिंडलचे जास्त पैसे देऊ नका. चौथा अक्ष (जॉब फिरवणारा) नको, फक्त पुढे बसवायची तरतूद ठेवा. तुमचे कॅम चपटे आहेत, एक्स-वाय वर निघतात. टेबल लहान चालेल. कंट्रोलर मात्र असा घ्या, जो चालवणारी पोरं सोलापुरात मिळतात. पुतण्या उद्या पुण्याला गेला तर?

कंट्रोल पॅनेलला एसी हवाच. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री आणि वर तुमचा पत्रा. शिवाय शेजारी यंत्रमाग. कापसाचं तूस पंख्याच्या जाळीत नमद्यासारखं बसतं, आठवड्यात जाळी बुजते आणि ड्राइव्ह तापून ट्रिप होतात. कोटेशनमध्ये जाळीवाला पंखा असेल तर तो खोडून बंद पॅनेल आणि एसी लिहून घ्या. महावितरणचा मंजूर भारही तपासा. सगळं मिळून २० किलोवॉटच्या वर गेलात तर लघुदाब औद्योगिकच्या दुसऱ्या गटात जाल, आणि मशीन झोपलेलं असलं तरी डिमांडचं बिल येत राहील.

दसऱ्याबद्दल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याआधी मशीन वापरात आलं की त्या वर्षी पूर्ण घसारा, नंतर निम्मा, असं तुमच्या सीएंनी सांगितलंय. बरोबर आहे. पण त्याच श्वासात तुम्ही लिहिलंय की विवरण ४४एडी खाली, अंदाजे नफ्यावर भरता. मग घसारा वेगळा वजा मिळतच नाही, तो त्यातच धरलेला असतो. घाईचं ते कारण गेलं. खंडेनवमीला आहेत त्या लेथना हार घाला.

मग करायचं काय? बाहेरचा तो व्हीएमसीवाला एकच पाळी चालवतो ना? त्याच्याकडे जा आणि दुसऱ्या पाळीचे महिन्याला ८० तास पक्के मागा, काम असो नसो पैसे देईन या बोलीवर. दर ४५० वरून खाली आणा. चालवणारा माणूस म्हणून पुतण्याला द्या, त्याच्या पगाराचा वाटा कापून घ्या. नंबर लागत नाही ही तुमची खरी अडचण कर्जाशिवाय सुटते, पुतण्याचा हात बसतो, आणि बिघडलेले पहिले वीस पीस दुसऱ्याच्या मशीनवर बिघडतात. मधल्या काळात पुतण्याला छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये सीएनसीचा छोटा कोर्स करवून आणलात तर सोन्याहून पिवळं.

सोबत एक वही घाला. तारीख, पार्ट, पीस, सेटिंगची मिनिटं, कटिंगची मिनिटं, आलेली पण सोडलेली ऑर्डर. लागोपाठ तीन महिने कटिंगचे १५० तास भरले, तर मला फोनही करू नका, ऑर्डर द्या. १५० तासांवर पाच वर्षांच्या हप्त्यात तूट १५,६०० येते, सात वर्षांच्या हप्त्यात ७,३००. दोन्ही तुमच्या २२ हजारांत बसतात. आणि उधारीतले चार लाख जरी वसूल झाले तरी जीएसटीची सोय झाली. मार्जिनचे सहा आणि वरच्या सामानाचे तीन लाख तेवढ्या काळात बचतीतून साठणार नाहीत, तिथे १८ लाखांऐवजी २१-२२ लाखांचं कर्ज मागून बघा, किंवा विक्रेत्याला होल्डर-व्हाइस किमतीतच बसवायला लावा. मोठं कर्ज घेतलंत तर १५० चा आकडा १६५ करा. सही करायच्या आधी स्वतःच्या नावावर कर्जाएवढा तरी टर्म इन्शुरन्स हवा.

सेल्सवाला महिनाअखेर किंमत वाढणार म्हणून एक लाख टोकन मागतोय, त्याला नाही म्हणा आणि उलट एक मागणी करा. तुमच्या रॅकमधला ईएन ८ चा तुकडा आणि ब्रॅकेटचं ड्रॉइंग घेऊन त्यांच्या डेमो सेंटरला जा, तुमचाच पार्ट सलग दहा वेळा काढायला लावा, आणि पहिला व दहावा पीस स्वतःच्या मायक्रोमीटरने मोजा.