ब्लार्नी, लोणी आणि लोणकढी

मुलीकडे आयर्लंडला जाऊन आलेल्या एका ताईंनी विचारलं आहे. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्या प्रवासवर्णन लिहीत आहेत आणि कॉर्कजवळच्या ब्लार्नी कॅसलपाशी येऊन अडल्या आहेत. त्यांचं वाक्य असं : ‘ब्लार्नी किल्ल्यातील जादूच्या दगडाचे चुंबन घेतल्याने वाचासिद्धी प्राप्त होते व मनुष्य खुशामतीत पटाईत होतो.’ वाक्य त्यांनाच खटकतंय, पण नेमकं कुठे ते कळत नाही. शिवाय, कॉर्कमध्ये टॅक्सीवाल्याने त्यांना आणि त्यांच्या मुलीला पाहून ‘तुम्ही दोघी बहिणी का?’ असं विचारलं. त्यावर मुलगी हसून म्हणाली, ‘आई, ही शुद्ध ब्लार्नी.’ (इंग्रजीत ब्लार्नी म्हणजे गोड थापा.) आता हे मराठीत कसं सांगायचं?

ताई, खटकतंय ते बरोबर खटकतंय. तुमच्या वाक्यातले चार शब्द थोडे थोडे सरकले आहेत : किल्ला, चुंबन, वाचासिद्धी आणि खुशामत. चौथ्यात खरी गंमत आहे, म्हणून पहिले तीन लवकर उरकतो.

किल्ला म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रायगड उभा राहतो. डोंगर, माच्या, बुरूज, दारूकोठार, टाकी. ब्लार्नीला यातलं फारसं काही नाही. कॉरमॅक लाइदिर मॅकार्थी (लाइदिर म्हणजे बलदंड) या सरदाराने १४४६ मध्ये बांधलेला तो उंच, जाड भिंतींचा, राहता बुरूज आहे. खाली कोठार, वर दिवाणखाना, त्याच्या वर निजायच्या खोल्या, माथ्यावर चर्या. आपल्याकडे देशमुखांच्या नाहीतर जहागीरदारांच्या असत त्या गढ्यांशी याचं नातं जास्त जवळचं. आपली गढी बहुधा मातीची, ती चुनखडीच्या दगडाची, एवढा फरक. ‘कॅसल’ तसंच ठेवलंत तरी कोणी अडखळणार नाही, पण मराठीच शब्द हवा असेल तर मी गढी म्हणेन.

हा कॉरमॅक कुठला सरदार? मस्केरी नावाच्या परगण्याचा. आयरिश उच्चार आणखी जवळ जातो, जवळजवळ ‘मूस्करी’. ज्याच्या गढीवरून जगाला गोड थापांसाठी शब्द मिळाला, तो मस्करीचा सरदार निघावा! अर्थात हा निव्वळ योगायोग. कृपा करून यावरून कोणी व्युत्पत्ती काढू नये.

आता चुंबन. तो दगड जमिनीपासून सुमारे ८५ फुटांवर, चर्यांच्या खाली भिंतीत बसवलेला आहे. सव्वाशेच्या वर पायऱ्यांचा अरुंद गोल जिना, धरायला दोर. आम्ही गेलो तेव्हा माझ्या पुढच्या आजोबांचा श्वास मला मोजता येत होता. वर तटाचा माथा मूळ भिंतीपासून थोडा बाहेर काढलेला आहे आणि मधे फट आहे. खाली आलेल्या शत्रूवर या फटीतून दगडधोंडे आणि काय काय टाकायचं, ही तिची मूळ सोय. दगड त्या फटीच्या पलीकडे. म्हणजे आपण चटईवर उताणं पडायचं, दोन लोखंडी गज धरायचे, डोकं मागे खाली सोडायचं आणि तिथल्या माणसाने कंबरेला धरलेलं असताना दगडाला ओठ लावायचे. पूर्वी गज नव्हते, तेव्हा घोटे धरून उलटं सोडत. या सगळ्या खटाटोपाला ‘चुंबन’ हा शब्द फारच सिनेमातला वाटतो. देवाच्या पायरीवर आपण डोकं टेकवतो, तसे तिथे ओठ टेकवतात. ‘ओठ टेकवणे’ लिहा. किंवा थोडा खट्याळपणा चालणार असेल तर ‘मुका’. कारण मुका म्हणजे पापी आणि मुका म्हणजे न बोलणाराही. मुका घेतला की मुकाही बोलायला लागतो, ही दंतकथा एवढ्या आटोपशीरपणे सांगणारी दुसरी भाषा मला माहीत नाही.

वाचासिद्धी हा शब्द मात्र काढाच. वाचासिद्धी असलेला माणूस जे बोलतो ते खरं होतं. म्हणून तर त्याचा शाप नको म्हणतात. ब्लार्नीच्या दगडाचं देणं उलटं आहे : जे बोलाल ते खरं असण्याची गरजच उरत नाही, तरी ऐकणारा खूश. ‘जिभेवर सरस्वती नाचते’ हेही मोह पडेल असं आहे, पण देवीला या भानगडीत ओढू नये. ‘बोलण्यात मग त्याचा कोणी हात धरू शकत नाही’ हा आपला साधा वाक्प्रचार इथे चपखल बसतो. (तिथे त्याआधी कंबर धरायला मात्र माणूस लागतो.)

दगडात हा गुण आला कुठून, याच्या कथा ढीगभर आहेत. कॉरमॅकवर दावा लागला होता, तेव्हा क्लीओना नावाच्या परीराणीने त्याला सांगितलं, सकाळी वाटेत पहिला जो दगड दिसेल त्याला ओठ लाव. तो लावला, दावा जिंकला, दगड गढीत बसवला. दुसरी कथा स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसची. १३१४ च्या बॅनकबर्नच्या लढाईत मॅकार्थी घराण्याने मदत केली म्हणून त्याने स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाच्या शिळेचा अर्धा तुकडा भेट दिला म्हणे. ही कथा भूगर्भशास्त्रज्ञांनी निकालात काढली. ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात या दगडाचा एकोणिसाव्या शतकातला पातळ काप होता. तो २०१४ मध्ये तपासला, तर निघाला तिथलाच, कॉर्कच्या भागातला चुनखडीचा दगड, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीचा. थापांच्या दगडाबद्दलची थाप दगडानेच उघडी पाडली.

आता खुशामत. हा शब्द फारसीतून आलेला. खुश आणि आमद, म्हणजे मुळात ‘आलात, बरं झालं’ असं स्वागत. पण मराठीत तो आला आणि त्याची पाठ वाकली. खुशामत, लाळघोटेपणा, तोंडपुजेपणा, चमचेगिरी, पुढेपुढे करणं, हे सगळे शब्द खालून वर जाणारे आहेत. कारकून साहेबाची करतो, साहेब मंत्र्याची करतो. काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. टॅक्सीवाल्याला तुमच्याकडून काय हवं होतं? भाडं मीटरवर ठरलेलंच होतं. ती खुशामत नव्हे.

मग काय होतं? त्यासाठी या शब्दाने वाटेत कायकाय अर्थ गोळा केले ते बघायला हवं.

गावाचं आयरिश नाव ‘अन व्लार्ना’. अर्थ साधा, लहानसं शेत, माळ. त्यात गोडबोलेपणा कुठेही नाही. तो कसा आला याची सगळ्यांना आवडणारी गोष्ट पहिल्या एलिझाबेथ राणीची. मस्केरीच्या तेव्हाच्या मॅकार्थीने आपली गढी आणि जमीन राणीच्या नावे करून द्यावी, असा तिचा हुकूम. हा प्रत्येक वेळी लांबलचक, गोड, निष्ठेने ओथंबलेलं पत्र पाठवणार आणि गढी काही सोडणार नाही. शेवटी वैतागून राणी म्हणाली, ही सगळी ब्लार्नी आहे, हा बोलतो त्यातलं काही करायचं त्याच्या मनात नसतं. दंतकथाच आहे, पण अर्थ समजायला उपयोगी. आणि याला मराठीत तयार वाक्प्रचार आहे : कोपराला गूळ लावणे. दिसतो, वास येतो, जिभेला काही पोचत नाही. मॅकार्थीने इंग्लंडच्या राणीच्या कोपराला वर्षानुवर्षं गूळ लावला.

दंतकथा सोडून छापील पुराव्याकडे वळलं तर मामला वेगळाच निघतो. १७६६ च्या ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या कादंबरीत लेडी ब्लार्नी नावाची एक पोकळ बडबडीची बाई येते. म्हणजे नावात काहीतरी सूचक आहे हे तेव्हाच्या वाचकाला कळत असणार. पण सोनं आहे ते १७८५ च्या एका कोशात. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थाने गल्लीबोळांतल्या इंग्रजीचा, म्हणजे शिष्ट कोशांनी बाहेर ठेवलेल्या शब्दांचा कोश केला. त्यात नोंद आहे, ‘त्याने ब्लार्नीचा दगड चाटला आहे’. हो, चाटला! अर्थ : तो अचाट गोष्टी सांगतो. ग्रोसचं स्पष्टीकरण असं की तो दगड कॉर्कमधल्या एका जुन्या गढीच्या अगदी माथ्यावर आहे, तिथे पोचणं महाकठीण, पोचला तो धीराचा आणि चपळ मानला जाई. म्हणून कधीही न चढलेले पुष्कळ लोक आपण चढून आल्याचं सांगत. त्यावरून ब्लार्नी म्हणजे अद्भुत गोष्ट किंवा खोटं. आणि मग शेवटी, कधीकधी, स्तुतीसुद्धा.

क्रम पाहिलात? या नोंदीत दगडामुळे बोलण्याची कला येत नाही. ‘मी दगडापर्यंत गेलो होतो’ हे सांगण्यातच ती कला आहे! मला ही नोंद परीराणीपेक्षा कितीतरी खरी वाटते, कारण माणूस असाच असतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून आपण पाय सोडून बसलो होतो, असं सांगणाऱ्यांची संख्या आणि प्रत्यक्ष गड चढलेल्यांची संख्या कधी जुळलेली मी पाहिली नाही.

(‘चाटला’ वाचून एखाद्याला चाटुकार आठवेल. मलाही आठवला. पण संस्कृत चाटु म्हणजे खूश करणारं गोड बोलणं. केवळ ध्वनी जुळतो म्हणून चाटण्याशी त्याची गाठ मारू नये. मस्करीबद्दल वर दिलेली ताकीद इथेही लागू.)

तर शब्दाच्या पोटात तीन गोष्टी झाल्या : फुशारकीची थाप, न पाळायचं गोड आश्वासन आणि स्तुती. आज पहिली मागे पडली आहे. तिसरी पुढे आहे, पण तिच्यात पहिल्या दोघींचा वास राहिला आहे. आयर्लंडबाहेर, विशेषतः अमेरिकेत, हा शब्द ‘काहीतरीच बडबड’ एवढ्या अर्थानेही फेकला जातो. आयरिश माणूस मात्र तो काहीशा अभिमानानेच ऐकून घेतो. त्याच्या लेखी ब्लार्नीत विनोद लागतो आणि हुशारी लागते. नुसतं गोड बोलणं म्हणजे ब्लार्नी नव्हे. त्याला आयरिशमध्ये वेगळा शब्द आहे, ‘प्लॉमॉस’, आणि तो तिथल्या इंग्रजीतही सर्रास वापरतात. प्लॉमॉस म्हणजे आपलं लोणी लावणं, मस्का मारणं.

लोण्याचं नाव निघालंच आहे तर कॉर्कचं लोणी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १७७० मध्ये तिथे लोण्याची पेठ सुरू झाली आणि पुढे ती जगातली सर्वांत मोठी लोण्याची बाजारपेठ ठरली. पिंपांत भरलेलं खारवलेलं लोणी जहाजांतून अटलांटिकपलीकडे जाई. पेठ १९२४ मध्ये बंद पडली. आज तिथेच जवळ लोण्याचं संग्रहालय आहे. ब्लार्नीहून तिथपर्यंत आठेक किलोमीटर. शब्दांचं लोणी आणि खरं लोणी एकाच तालुक्यात!

आणि मला वाटतं, तुम्हाला हवा तो शब्द या लोण्यातच आहे. ताजं लोणी कढवून नुकतंच काढलेलं तूप ते लोणकढं. त्यावरून लोणकढी थाप : आत्ताच, जागच्या जागी, ताजी ताजी रचलेली. लोणकढी थापेत कुणाचं नुकसान नसतं. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, आणि तरी दोघांच्या चेहऱ्यावर हसू असतं. खुशामतीत हे हसू नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यातही नाही, कारण तिथे चढणाऱ्याला झाड हरभऱ्याचं आहे हे कळतच नाही. साखरपेरणी जवळ येते, पण तिच्यात पुढचं पीक काढायचा हिशेब असतो. ‘लाघवी बोलणं’ छान आहे, पण त्यात खोट्याची चिमूट नाही.

लोणकढीत ती आहे. फक्त आपल्याकडे लोणकढी नेहमी थापच असते आणि ती बहुधा स्वतःबद्दल असते. ती समोरच्याबद्दल करा, की झाली ब्लार्नी. मी याला ‘लोणकढी स्तुती’ म्हणतो. कोशात सापडणार नाही, कारण हा जोडशब्द मी आत्ताच जुळवला आहे. म्हणजे तोही लोणकढाच. चालतो का ते वापरून बघा. मस्केरीच्या मॅकार्थीच्या पत्रांसाठी मात्र तो वापरू नका, तिथे कोपराला गूळच.

तुमचं वाक्य मी असं लिहिलं असतं : ‘ब्लार्नीच्या गढीवर, अगदी माथ्याला, एक दगड आहे. उलटं लवून त्याला ओठ टेकवले की लोणकढी स्तुती करण्यात त्या माणसाचा पुढे कोणी हात धरू शकत नाही, असं म्हणतात.’

आणि टॅक्सीतला प्रसंग सांगताना शब्द समजावत बसू नका. मुलीच्या तोंडी एवढंच घाला : ‘आई, लोणकढी आहे हं ही!’ त्यावर तुम्ही त्याला किती टिप दिलीत, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. अंकात लिहा.