हिरवा: रंग की अवस्था?

प्रश्न असा आहे: 'संस्कृतात हरि, हरित हे शब्द कधी पिवळ्यासाठी येतात, कधी हिरव्यासाठी. मग हिरवा आणि हळद एकाच कुळातले का? आणि आपल्या परंपरेत हिरव्याचा नेमका अर्थ काय?'

हो, कूळ एकच. हरिद्रेची हळद झाली, हरीतकीचा हिरडा झाला आणि हरितचा मधला त गळून हिरवा. हिरडा आणि हिरवा या दोघांत सुरुवातीच्या 'ह'चा 'हि' झालेला दिसतो. दूर्वेला आपण हरळी म्हणतो, तीही याच घरची. संस्कृतातला 'हरि' सिंहाला लागतो, वानराला लागतो, इंद्राच्या घोड्यांनाही लागतो, आणि यांतला एकही प्राणी हिरवा नाही. हरिण हे नावही त्याच्या पिवळसर तांबूस अंगावरून पडले. म्हणजे या शब्दाने एक रंग दाखवला जात नव्हता. कोवळ्या पोपटी अंकुरापासून पिकून पिवळ्या झालेल्या कणसापर्यंतचा सगळा पट्टा त्यात येत होता.

याच कुळातला हरताळ बघा. हरिताल हे पिवळे खनिज. हस्तलिखित पोथीत चूक झाली की त्या अक्षरांवर याचा लेप देत, म्हणून 'नियमांना हरताळ फासला'. 'बंद' या अर्थाचा हरताळ मात्र निराळा: हाट म्हणजे बाजार, त्याला लागलेले टाळे. हरतालिकेचाही हिरव्याशी संबंध जोडू नये; तिची पारंपरिक फोड 'आलींनी, म्हणजे सखींनी, हरण केलेली' अशी आहे.

पिवळ्या-हिरव्याची ही जवळीक रंगाऱ्याच्या हातातही होती. झाडपाल्यातला हिरवा कापडावर टिकत नाही, म्हणून टिकाऊ हिरवा हवा असेल तर कापड आधी निळीत बुडवायचे आणि मग त्यावर पिवळा चढवायचा. निळीच्या पिंपातून कापड बाहेर येते तेव्हा ते पिवळट हिरवे असते. हवा लागली की काही मिनिटांत निळे होते. सुती कापड असेल तर निळीनंतर स्वच्छ धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, मग तुरटी देतात (1 किलो कापडाला साधारण 150 ते 200 ग्रॅम), आणि शेवटी डाळिंबाच्या सालीचा काढा. क्रम उलटा केला तर निळीचे अल्कधर्मी पाणी आधी दिलेला पिवळा काढून टाकते. लोखंडी भांडे वापरले तर हिरड्यातले टॅनिन लोहाशी मिळून रंग काळपट होतो. डाळिंबाऐवजी हळद वापरली तर सुरुवातीला सुंदर दिसते, पण साबणाने तांबडी पडते आणि उन्हात उडते. जुन्या कापडांवरची पाने निळी दिसतात ती बहुधा यामुळेच: पिवळा गेला, नीळ उरली.

आता अर्थ. माझ्या मते 'हिरवा म्हणजे समृद्धी' हे उत्तर फार ढोबळ आहे. मराठीत हिरवा हा रंगाइतकाच अवस्थेचा शब्द आहे. हिरवी केळी म्हणजे न पिकलेली. हिरवा चारा म्हणजे न वाळलेला; त्याच्या उलट पिवळा चारा नव्हे, वाळला चारा. हिरवळीचे खत म्हणजे ताग किंवा धैंचा पेरून, फुलावर येताना, साधारण 6 ते 8 आठवड्यांनी, मातीत गाडणे. उशीर केला तर खोड लाकडासारखे होते आणि लवकर कुजत नाही. सगळीकडे धागा एकच: रस अजून आहे, पिकणे अजून पुढे आहे. लग्नातला हिरवा चुडा आणि डोहाळजेवणातली हिरवी साडी या दोन्ही प्रसंगी हेच म्हटलेले असते. चुड्याची बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. तोडण्याचा शब्द त्या रंगाजवळ येऊ द्यायचा नाही, ही जपणूक मला फार मोलाची वाटते.

नवरात्रातले घटाचे धान मात्र पुष्कळदा पिवळेच उगवते. बी बिघडलेले नसते. देवघरातल्या कोपऱ्यात उजेड पुरत नाही आणि उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. दसऱ्याला टोपीत खोवलेला तो तुरा पाहिला की जुन्या 'हरि'त पिवळा आणि हिरवा का मिसळले असतील हे सहज कळते.

शेतकऱ्याच्या बोलीत तर उत्तम हिरव्याला हिरवा म्हणतच नाहीत. 'पिकाला काळोखी आली' म्हणजे पाने गडद हिरवी झाली. 'सस्यश्यामला' या विशेषणातला श्यामही हाच. ही काळोखी गेली तर पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघावे: खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी, शेंड्याची कोवळी पडली तर बहुधा लोह. आणि काळोखी फारच वाढली तर नत्र जास्त झाले. पीक लुसलुशीत होते, मावा धरतो, वाऱ्याने लोळते.

वापराबद्दल थोडे. हिरवागार शिवाराला, हिरवाकंच खणाला किंवा बांगडीला. दोन्ही कुठेही चालतात, पण कानाला अशी वाटणी बरी वाटते. जर्द हा फारसीत पिवळा, तेव्हा तो पिवळ्यालाच लावावा. हिंदीतला 'हरा' जिथे येतो तिथे मराठीत अनेकदा 'ओला' लागतो: जखम हिरवी नसते, ओली असते, लाकूडही ओलेच. आणि हिरवट जपून वापरावा. कैरीला तो चवीचा शब्द आहे, कापडाला छटेचा, पण म्हाताऱ्याला लावला की चारित्र्यावरची टीका होते.