सिग्नेचर उकुलेले सेकंडहँड घेताना

उकुलेले या गिटारसारख्या छोट्या, चार तारांच्या वाद्याचे, कलाकाराचे नाव मिरवणारे सिग्नेचर मॉडेल चढ्या भावाने घेण्याआधी, ती जादा रक्कम लाकूड आणि कारागिरीची आहे की निव्वळ नावाची, हे तुम्ही नीट तपासावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीने 2020 मध्ये गायिका बिली आयलिशच्या नावाने कॉन्सर्ट (म्हणजे मध्यम) आकाराचे उकुलेले काढले. सापेले लाकडाचे, पिकअप (तारांचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारे उपकरण) बसवलेले हे वाद्य शिकण्यासाठी चांगलेच आहे. मात्र वरची चित्रे वगळली तर तशा बांधणीची इतर वाद्येही मिळतात, म्हणून मूळ किमतीपेक्षा अधिक मोजणे मला पटत नाही.

होनोलुलूच्या कामाका कुटुंबाची गोष्ट निराळी आहे. 1916 पासून चालत आलेल्या या कारखान्यातील उकुलेले कोआ या झाडाच्या अस्सल फळ्यांचे असते, आणि कोआ मूळचा फक्त हवाई बेटांवरचा असल्यामुळे त्यांचे साधे मॉडेलही विकताना किंमत बऱ्यापैकी राखते. मग केवळ नावासाठी वेगळे पैसे कशाला द्यायचे?

वाद्य हातात आले की बाराव्या फ्रेटवर (मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) तारेला हलका स्पर्श करून निघणारा घंटेसारखा स्वर, म्हणजे हार्मोनिक, आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर जुळतात का, हे ट्यूनरवर पाहा. ब्रिजच्या, म्हणजे वरच्या फळीवर तारा अडकवलेल्या पट्टीच्या, मागच्या कडेखाली कागद सरकत असेल, तर ब्रिज उचलला गेला आहे. वरच्या फळीवर लाकडाच्या रेषांच्या दिशेने गेलेली बारीक चीर तिरप्या उजेडातच दिसते. लेबलवर कलाकाराची सही असल्याचे सांगितले, तर मूळ खरेदीची पावतीही मागा.