डिजिटल वायरलेस इन-इअर घेताना
इन-इअर म्हणजे स्टेजवर कलाकाराला स्वतःचं गाणं-वाजवणं ऐकवणारे कानातले इअरफोन. आधी लेटन्सी, म्हणजे आवाज कानात पोचायला होणारा उशीर, बघा. समजा संचाचे ४ मिलिसेकंद आणि डिजिटल मिक्सरचे २, अशी बेरीज होते. गिटारवाल्याला ६ चालून जातात, गायकाला खटकतात. त्याचा स्वतःचा आवाज हाडांतूनही कानात पोचतो आणि उशिरा आलेल्या आवाजात मिसळून पोकळ लागतो. गायकासाठी बेरीज शक्यतो ५च्या आत ठेवा.

२.४ गिगाहर्ट्‌झचा संच स्वस्त पडतो, पण वायफाय आणि प्रेक्षकांचे फोनही त्याच पट्ट्यात असतात. रिकाम्या हॉलमधली चाचणी म्हणूनच फसवते. सिग्नल कमजोर झाला की अ‍ॅनालॉगमध्ये आधी खरखर ऐकू येते, डिजिटल एकदम गप्प होतं. ट्रान्समीटरचा अँटेना रॅकमागे दडवू नका, डोक्यापेक्षा उंच लावा.

इअरटिप सैल असेल तर बास गळतो आणि माणूस व्हॉल्यूम वाढवत जातो. लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय, कायम चालू हवा.