रचना गाण्याची, मांडणी ट्रॅकची

अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत साउंडचं काम करणाऱ्या वाचकांचा प्रश्न आहे. नव्या मुलांसाठी ते मराठीत सूचना लिहितायत. सॉफ्टवेअरमधले आउटपुट ट्रॅक वर-खाली करून हव्या त्या क्रमाने लावायचे, याला ‘पुनर्रचना’ म्हणावं की ‘पुनर्क्रमण’?

दोन्ही नको. इंग्रजीत ‘री’ दिसला रे दिसला की मराठीत ‘पुनर्’ चिकटवायचा, ही परिभाषा घडवणाऱ्यांची जुनी खोड आहे. ‘पुनर्क्रमण’ तर मुळातच चुकलेलं. ‘पुनर्’पुढे क, प, स असं कठोर व्यंजन आलं की र् चा विसर्ग होतो, म्हणून पुनःप्रक्षेपण, पुनःस्थापना. टीव्हीवर ‘पुनर्प्रक्षेपण’ ऐकून कान किटलेत, त्यात आता ही भर!

‘पुनर्रचने’चीही गंमत आहे. र् पुढे र आला की संस्कृतात पहिला र् गळतो आणि त्याआधीचा स्वर दीर्घ होतो. निर् + रोग = नीरोग, निर् + रस = नीरस. व्याकरणाच्या पोथ्यांत याचं ठरलेलं उदाहरण ‘पुना रमते’. त्या हिशेबाने ‘पुनारचना’ व्हायला हवी होती. मराठीने ते मनावर घेतलं नाही, आणि मीही घेणार नाही. माझा आक्षेप अर्थावर आहे. १९५६ साली राज्य पुनर्रचना कायदा आला, तेव्हा सीमा हलल्या, जिल्हे इकडचे तिकडे गेले, मुंबई राज्य द्वैभाषिक झालं. पुनर्रचना म्हणजे इतकी उलथापालथ. माउसने ट्रॅक दोन घरं वर सरकवला तर काय बदलतं? काही नाही. शिवाय गाण्याच्या धंद्यात ‘रचना’ ही चालीची. ‘पुनर्रचना करून ठेव’ असा निरोप मिळाला तर एखादा वादक नवी चाल शिकायला बसेल. ‘रीअरेंज’ही तितकाच फसवा, कारण अरेंजर म्हणजे आपल्याकडे संगीत संयोजक. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ लिहिणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा अरेंजर होते. ट्रॅक सरकवणारा तो नव्हे.

शब्द घरातच आहे : मांडणी. पुन्हा केली की फेरमांडणी, जशी फेरतपासणी, फेरमतदान.

आणि ‘मांडणे’ हे काय क्रियापद आहे! मूळ संस्कृत ‘मण्ड्’, म्हणजे सजवणे, त्यातूनच मण्डन. म्हणजे आपल्या भाषेने ‘नीट लावणे’ आणि ‘सजवणे’ यांत फरकच ठेवला नाही. पूजा मांडतात, रुखवत मांडतात. पूजेत कलश कुठे, सुपारी कुठे, हे ठरलेलं असतं, आणि त्या ठरलेपणातच शोभा असते. राजस्थानात भिंतीवर-जमिनीवर काढतात त्या नक्षीला ‘मांडणा’ म्हणतात, तिथे सजावटीचा अर्थ अजून शाबूत आहे. आपल्याकडे तो हळूहळू क्रमाकडे सरकला : हिशेब मांडला, पट मांडला, मुद्दा मांडला. स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी बघा. वर पेले, मधे ताटं, खाली पातेली. लागेल ते हाताशी, आणि दिसायलाही देखणं. माझं तर ठाम मत आहे की संसार मांडण्यातही आधी सजावट आहे, व्यवस्था नंतर. (‘उच्छाद मांडला’ याच्या सजावटीबद्दल विचारू नये.) यावर काही पंडित लगेच मांडव पुढे करतात : मांडव हा मण्डप, आणि मण्डप म्हणजे ‘मण्ड’, अर्थात पेज, पिणारा! शास्त्रचर्चेत हा अर्थ शब्दाची फोड कशी करता येते हे दाखवायला सांगतात. तो व्युत्पत्ती म्हणून लग्नाच्या मांडवाला लावणाऱ्यांनी पंगतीत पेजच घ्यावी.

हो, प्रश्न आउटपुट ट्रॅकचा होता. नुसता क्रम बदलायचा असेल तर ‘ट्रॅकचा क्रम बदला’ पुरतं. क्रमाबरोबर रंग, गट, फोल्डरही बदलणार असाल, संवाद एकत्र, संगीत एकत्र, इफेक्ट्स एकत्र आणि तळाला मास्टर, तर ती फेरमांडणी. पण एक भेद सूचनांत जरूर पाळा. प्रो टूल्स या साउंडच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचं नाव धरून वर ओढलं तरी त्याचं आउटपुट, म्हणजे आवाज बाहेर जायची वाट, जिथे जोडलंय तिथेच राहतं. ते बदलणं ही मांडणी नव्हे, ती जोडणी. (मिक्सरमधली बस, म्हणजे अनेक ट्रॅकचे आवाज एकत्र नेणारी वाट, आणि बेस्टची बस मुळात एकच, लॅटिन ‘ऑम्निबस’, सर्वांसाठी, पण रांगेतली जागा बदलून बसचा मार्ग बदलत नाही.)

जोडणीतला क्रम चुकला तर मात्र ऐकू येतं. फाइव्ह पॉइंट वनमध्ये, म्हणजे सहा चॅनलच्या आवाजात, फिल्मवाल्यांचा क्रम असा : डावा, मधला, उजवा, डावा सराउंड, उजवा सराउंड (हे दोन प्रेक्षकाच्या बाजूचे-मागचे), शेवटी एलएफई, म्हणजे खोल गडगडाटाचं चॅनल. एसएमपीटीई या सिनेमा-टीव्हीच्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या क्रमात डावा, उजवा, मधला, एलएफई आणि मग दोन सराउंड. या दुसऱ्या क्रमाची फाइल पहिल्या क्रमाने वाजवली की मधल्या स्पीकरचे संवाद उजवीकडून येतात आणि एलएफईचा गडगडाट डाव्या सराउंडमधून. अशा वेळी ‘फेरमांडणी करा’ लिहिलंत तर मुलगा पडद्यावरचे ट्रॅक वर-खाली करत बसेल आणि नायिका उजव्या कोपऱ्यातूनच बोलत राहील. तिथे ‘चॅनलची जोडणी तपासा’ असंच लिहा. ‘ट्रॅक’ला मात्र ‘मार्गिका’ करू नका. ती मेट्रोकडे राहू द्या.