चौथीला ४० मुलं, निम्म्यांना नीट वाचता येत नाही, मग लिटरेचर सर्कल जमेल का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीला चौथीचा वर्ग आहे, पट ४०, निम्मी मुलं जोडाक्षर आलं की थांबतात, तर हे लिटरेचर सर्कल आपल्याकडे जमेल का, की ते भारी इंग्लिश मिडीयमवाल्यांचंच काम. जमतं हो. मी घणसोलीला मराठी माध्यमात तिसरी-चौथीला शिकवते, चार वर्षं करतेय, त्यातलं पहिलं वर्ष अक्षरशः वाया गेलं आणि ते माझ्या चुकीमुळे गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थोडक्यात काय असतं ते आधी, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. चार-पाच मुलांचा गट, गटाचं एक पुस्तक, प्रत्येक गटाचं पुस्तक वेगळं, ठरलेल्या पानापर्यंत वाचायचं आणि मग गोल करून त्यावर आपापसात बोलायचं. अमेरिकेत हार्वी डॅनियल्स यांनी १९९४ मध्ये यावर पुस्तक लिहिलं त्यानंतर हे शाळाशाळांत पसरलं. त्यात प्रत्येक मुलाला एक काम असतं आणि ते लिहिलेला एक कागद हातात देतात, एकाने प्रश्न काढायचे, एकाने अवघड शब्द शोधायचे, एकाने चित्र काढायचं, एकाने आवडलेला भाग वाचून दाखवायचा, एकाने गोष्ट आपल्या घराशी, गल्लीशी जोडायची.

मी काय केलं, तर हुशार, मध्यम आणि कच्ची असे गट पाडले. कच्च्यांचा गट २० मिनिटं नुसता एकमेकांची तोंडं बघत बसला. मग गट मिसळले, पण ज्याला वाचता येत नाही त्याला चित्र काढायला दिलं, तो गप्प बसतो, आपल्यालाही बरं वाटतं की चला काहीतरी करतोय, आणि असं करत तो वर्षभर चित्रंच काढतो. हे अजिबात करू नका, माझं अजून मन खातं त्यावरून.

आता मी असं करते. सोमवारी आठ पुस्तकं समोर मांडते, प्रत्येकाबद्दल दोन मिनिटं बोलते, एखादं चित्र दाखवते, अर्ध्यातच सोडते, मग मुलं चिठ्ठीवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहितात आणि त्यावरून मी गट लावते. लेव्हल बघत नाही. पुस्तक स्वतः निवडायला मिळणं हाच या सगळ्याचा जीव आहे, तुम्ही पुस्तक वाटून दिलंत तर तो आणखी एक धडा झाला. एखाद्या न वाचणाऱ्या मुलाने जाड पुस्तक निवडलं तरी देते, फक्त त्याला आधार देते: जोडीदार मोठ्याने वाचतो आणि हा शब्दांखालून बोट फिरवतो, शिवाय मी माझ्या आवाजात गोष्ट रेकॉर्ड करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते, घरी पुस्तक समोर ठेवून दोनतीनदा ऐकलं की बैठकीला तो रिकाम्या हाताने येत नाही.

आमच्याकडे अर्धी मुलं माथाडी कामगारांची, सातारा-सांगलीकडची, आणि काही घणसोली गावातली आगरी. एका आगरी मुलीला वाक्य वाचायचं म्हणजे घाम फुटायचा. तिच्या गटाची गोष्ट खाडीवर मासे पकडायला जाणाऱ्या मुलाची होती. बाकीचे ‘तो शूर होता, तो प्रेमळ होता’ असलं परीक्षेतलं बोलत होते आणि ही एकदम म्हणाली, चित्र चुकलंय, तो निवट्या पकडतोय आणि पाणी तर भरतीचं दाखवलंय, निवट्या ओहोटीला चिखलात मिळतात. झालं, सगळे पुस्तकावर तुटून पडले, भरती लिहिलंय का ओहोटी, कुठल्या पानावर, आणि ते वाक्य तिनेच शोधून अडखळत अडखळत वाचलं, कोणी हसलं नाही कारण सगळ्यांना उत्तर हवं होतं. त्या दिवशी मला कळलं हे कशासाठी करायचं ते.

पण एक स्पष्ट सांगते, यातून बाराखडी आणि जोडाक्षरं येत नाहीत. त्या मुलांना मी रोज २० मिनिटं वेगळी घेतेच, आणि तेही ज्या वेळात गोल बैठक नसते त्या वेळात, बैठकीतून उठवून नाही. वेळ जातो म्हणून कोणी हटकलं तर सांगा, २०२१ च्या निपुण भारत या सरकारी अभियानाच्या पूर्ण इंग्रजी नावातच ‘रीडिंग विथ अंडरस्टँडिंग’, म्हणजे समजून वाचणं आहे, नुसतं वाचणं नाही.

प्रश्न काढायला शिकवायला मात्र वेळ लागतो. आमचा नियम आहे, ज्याचं उत्तर पुस्तकात बोट ठेवून दाखवता येतं तो प्रश्न बाद. सुरुवातीला एका गटाला वर्गाच्या मध्ये बसवा आणि बाकीच्यांना भोवती उभं करून नुसतं बघू द्या, दोन वेळा केलं तरी पुरतं. तुम्ही फिरत राहा, ऐका, वहीत लिहा, मध्ये पडू नका (हे फार जड जातं!). आणि कामं लिहिलेले ते कागद पाचसहा आठवड्यांनी काढून घ्या, नाहीतर मुलं आपापला कागद वाचून दाखवतात आणि संपलं. डॅनियल्स यांनीही २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत या कागदांबद्दल सावध केलंय.

पुस्तकांचा खर्च हा मोठा प्रश्न नाही. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट २०१५ पासून आहे, तिथे मराठी गोष्टी चार लेव्हलमध्ये फुकट मिळतात आणि छापायलाही परवानगी आहे. मी ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स काढून मध्ये दुमडून स्टेपल मारते, एका गोष्टीच्या पाच प्रती. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंकही बघा.

पहिले दोन आठवडे गोंगाट होणार, शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून जाणार. आठही गट एकदम सुरू करू नका, आधी दोन करा, बाकीच्यांना तोपर्यंत लेखन द्या. आणि तुमच्या वर्गातली मुलं कुठली आहेत, घरी काय बोलतात ते खाली लिहा, त्यावरून पहिली आठ पुस्तकं मी सुचवते.