"कसं वाटलं?" असं विचारू नकोस

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून थांबले. वॉटर प्युरिफायरच्या मॅन्युअलचं भाषांतर बारा जणांना पाठवलंस, सगळ्यांचं 'मस्त', 'छान झालंय' आणि अंगठे आले, आणि क्लायंटने पुढचं काम मात्र दुसऱ्याला दिलं. वाईट वाटणारच. पण त्या बारा जणांवर रागावू नकोस. "कसं वाटलं?" म्हटलं की आपल्याकडे माणूस छानच म्हणतो, कशाला कोणाचं मन मोडा.

माझं सांगते. खूप वर्षांपूर्वी मी शेतीपंपाचं माहितीपत्रक मराठीत केलं होतं, एजन्सीच्या रिव्ह्यूअरने दोन स्वल्पविराम आणि एक अनुस्वार बदलला, बाकी सगळं पास, मी खूश. नंतर तासगावकडे मामाच्या मळ्यात गेले तेव्हा ते पत्रक त्याला दिलं आणि म्हटलं, हे वाच आणि यात लिहिलंय तसं करून दाखव. "सुरू करण्यापूर्वी प्रायमिंग प्रक्रिया पूर्ण करावी" इथे मामा थांबला. परत वाचलं. मग म्हणाला, म्हणजे आधी पाणी भरायचं ना, पंपानं हवा धरू नये म्हणून? हो, तेच! आणि "शुष्क परिचालन टाळावे" हे तर त्याने सरळ सोडूनच दिलं, खरं तर सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं, कारण विहिरीचं पाणी खाली गेल्यावर पंप कोरडा चालत राहिला तर सील जातं. वर म्हणाला, अक्षर एवढं बारीक का गं, आमची लाईट रात्रीची असते, मोबाईलच्या उजेडात वाचायचं का हे? शेतीची थ्री फेज वीज आळीपाळीने दिवसा-रात्री येते हे मला माहीत होतं, पण पत्रक लिहिताना ते एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

म्हणून सांगते, मत विचारू नकोस, करून बघायला दे. कुठे थांबला, काय दोनदा वाचलं, काय गाळलं एवढं लिहून घे आणि तेव्हा गप्प बस. हे फार अवघड जातं. मी मध्येच "नाही, त्याचा अर्थ असा आहे" म्हणाले आणि पुढच्या पानापासून मामा नुसती मान हलवायला लागला, नंतर काही सांगितलंच नाही त्याने.

किती जण लागतात विचारलंस. बारा नकोत. वेबसाइट वापरायला सोपी आहे का हे तपासणारे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली वेबसाइटच्या चाचणीबद्दल लिहिलं होतं की पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात, त्यांचा हिशेब वेबसाइटचा होता पण माझा अनुभव तसाच आहे. फक्त ते पाच जण वस्तू वापरणारे हवेत, तुझ्यासोबत एमए केलेले नकोत.

क्लायंटला मेल नको, फोन कर. काम परत मागू नकोस, वादही घालू नकोस, एवढंच विचार की ज्याला काम दिलं त्याच्या सॅम्पलमध्ये असं काय होतं जे माझ्यात नव्हतं, एकच गोष्ट सांगा. आणि जुन्या क्लायंटना विचार, मॅन्युअल गेल्यावर कस्टमर केअरला कशासाठी जास्त फोन येतात? या प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या रिव्ह्यूअरने नाही. जे सांगतील त्यातलं काय बदललंस ते महिन्याभराने त्यांना कळव, पुढच्या वेळी ते आपणहून सांगतात.

सगळंच ऐकायचं असं नाही हं. माणूस अडखळला ते खरं, त्यावर उपाय काय ते तू ठरव. मामाला रंगीत चित्रं हवी होती, मी वाक्यं छोटी केली आणि अक्षर मोठं करायला लावलं, तेवढ्याने भागलं.

आणि तुझ्या हाताखाली आता दोन मुली आहेत ना, त्यांचे पैसे तू देतेस, त्या तुझी चूक आपणहून दाखवणार नाहीत. तुझं एक पान त्यांच्याकडे तपासायला दे आणि तीन चुका काढल्याशिवाय परत करायचं नाही म्हणून सांग. काढल्या की त्यांच्यासमोरच दुरुस्त कर.

रविवारी चारला ये. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे तोच प्युरिफायर आहे, मी त्यांना विचारून ठेवलंय. फिल्टर बदलायचं पान प्रिंट करून आण, मोबाईलवर नको.